टेबल एका दमात साफ करायचंय? आधी तासाचा हिशेब मांडा

ब्रेक मारला, सॉलिड की स्ट्राइप ते ठरलं, आपले सातही बॉल एकामागून एक पॉट झाले, शेवटी ब्लॅक सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला आणि समोरचा चॉक लावत उभाच राहिला. पूल खेळणाऱ्या हौशी माणसाचं स्वप्न एवढंच असतं. अहिल्यानगर जिल्ह्यात राहून, नोकरी-धंदा किंवा कॉलेज सांभाळून त्या दिशेने जायचं तर वर्षाला किती पैसे बाजूला ठेवावेत आणि ते कशावर घालावेत, ते इथे मांडलं आहे.

उत्तर आधीच देतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने वर्षाला अकरा-बारा हजार, दोनदा खेळणाऱ्याने सत्तावीस हजार आणि तीनदा खेळून वर शिकवणीही लावणाऱ्याने पन्नास हजारांच्या थोडं वर धरावेत. यातला सगळ्यात मोठा वाटा टेबलच्या भाड्याचा असतो. काठी, केस, हातमोजा, भारीतला चॉक यांवर चर्चा फार होते, पण त्यांनी बॉल पॉकेटमध्ये जात नाहीत. पैसे वाचवायचे असोत की खेळ सुधारायचा असो, हात घालायचा तो टेबलच्या तासालाच.

खालच्या सगळ्या हिशेबात टेबलचा दर तासाला १५० रुपये आणि फ्रेमचा दर ४० रुपये धरला आहे. वस्तूंच्या किमतीही अशाच ठोकताळ्याने धरल्या आहेत. तुमच्या क्लबच्या पाटीवर जो दर असेल तो यात घाला; आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

भाडं तासावर की फ्रेमवर?

क्लबमध्ये भाडं दोन पद्धतींनी आकारतात: मिनिटं मोजून किंवा फ्रेम मोजून. दोन्ही पर्याय असतील तर निवड तुमच्या वेगावर करा. १५० ला ४० ने भागलं की पावणेचार येतात. म्हणजे तासाला पावणेचार फ्रेम, किंवा एका फ्रेमला १६ मिनिटं, ही सीमारेषा. नवशिक्यांची फ्रेम वीस-पंचवीस मिनिटं रेंगाळते. त्यांनी फ्रेमवर खेळावं. हात बसला की तीच फ्रेम आठ-दहा मिनिटांत उरकते, मग तासाचा दर परवडतो. आठ मिनिटांची फ्रेम ४० रुपयांना पडली तर तासाला ३०० रुपये झाले, म्हणजे थेट दुप्पट.

एकट्याने सराव करायचा असेल तर भाडं तासावरच ठरवा. सरावात फ्रेम अशी नसतेच, त्यामुळे फ्रेमच्या दरावर वाद ठरलेला.

पैसे देण्याआधी काउंटरवर या गोष्टी विचारून घ्या. मीटर रॅक लावल्यावर सुरू होतं की काउंटरवर नाव सांगितल्या क्षणी? किमान अर्ध्या तासाचे पैसे लागतात का? ६५ मिनिटं खेळलं तर ६५ चेच लावणार की ७५ करणार? लाईट गेली तर मीटर थांबतं का, की इन्व्हर्टरच्या एका बल्बखाली चालूच राहतं? सकाळी आणि दुपारी दर कमी आहे का? सावेडी-भिंगारपासून तालुक्याच्या गावापर्यंत कुठल्याही क्लबात गर्दी कॉलेज सुटल्यावर आणि संध्याकाळी होते. रिकाम्या वेळी टेबल पडून असतं, तेव्हा दरावर बोलायला जागा असते. दहा तासांचे पैसे आगाऊ भरून सवलत मागता येते; पण ते तास किती दिवसांत वापरायचे आणि क्लब बंद पडला तर पैशांचं काय, हे पावतीवर लिहून घ्या.

हरणाऱ्याने भरायची रीत

आपल्याकडे मित्रामित्रांत सर्रास चालतं ते म्हणजे ‘जो हरेल तो टेबल भरेल’. गंमत म्हणून ठीक, पण शिकणाऱ्याला हा सौदा महागात पडतो. समजा तुम्ही दहापैकी तीन फ्रेम जिंकता. तासाच्या १५० पैकी १०५ रुपये तुमच्या खिशातून जातात. निम्मे-निम्मे केले असते तर ७५ गेले असते. आठवड्यातून दोन तास, वर्षाचे ४८ आठवडे, असे ९६ तास धरले तर फरक २,८८० रुपयांचा. एवढ्यात साधी पण स्वतःची काठी येते.

खरा तोटा याहून मोठा आहे. चांगला खेळाडू टेबलावर जास्त वेळ असतो, तुम्ही खुर्चीत. तासातली २४ मिनिटं तुमच्या वाट्याला आली तर १०५ रुपयांना २४ मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण चार रुपये ४० पैसे. एकट्याने तास घेतला तर १५० रुपयांना पूर्ण ६० मिनिटं, मिनिटाला अडीच रुपये. शिवाय त्या अडीच रुपयांत चुकलेला शॉट पुन्हा लावून मारता येतो. फ्रेममध्ये चुकलात की बसलात.

म्हणून मित्राला सरळ सांगा, भाडं निम्मं-निम्मं. तो चांगला खेळणारा असेल तर त्यालाही पैशांपेक्षा सामना हवा असतो, तो ऐकतो. भाड्याशिवाय वर रोख पैज लावणाऱ्या टेबलापासून लांबच राहा. तिथे तुमचा खेळ सुधारण्यात कुणालाही रस नसतो.

आठ बॉलचं गणित

एकट्याचा तास कशाला, हे एका आकडेमोडीतून कळतं. एट-बॉलमध्ये तुमचे सात आणि ब्लॅक असे आठ शॉट ओळीने जमावे लागतात. प्रत्येक शॉट पॉट होऊन पुढच्या शॉटसाठी व्हाईट बऱ्या जागी थांबण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर आठही जमण्याची शक्यता सहा टक्क्यांच्याही आत येते. ८० टक्क्यांना ती जवळपास १७ टक्के होते, ९० ला ४३ आणि ९५ ला ६६.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दहातले सात शॉट मारणाऱ्याला स्वतःविषयी बरं वाटत असतं, पण टेबल मात्र शंभरात पाच-सहा वेळाच साफ होतं. तेव्हा नशीब, टेबल किंवा काठीला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन, ७० वरून ८० वर गेलात की शक्यता जवळजवळ तिप्पट होते. हे दहा टक्के अवघड शॉट शिकून येत नाहीत. व्हाईट जवळ आणि नीट कोनात थांबवून पुढचा शॉट सोपा केला की येतात. टेबल साफ करणारा माणूस बघायला कंटाळवाणा वाटतो, कारण त्याचा प्रत्येक शॉट सोपा असतो. ते सोपेपण त्याने एक शॉट आधी तयार केलेलं असतं.

एकट्याच्या तासात काय करायचं

नुसते बॉल पसरून ठोकत बसलात तर १५० रुपये पाण्यात. तासाचे चार भाग करा.

पहिली दहा मिनिटं सरळ शॉट. बॉल मध्ये, व्हाईट त्याच्या मागे तीन फुटांवर, समोर पॉकेट. पॉट झाल्यावर व्हाईट जागच्या जागी थांबला पाहिजे. तो डावी-उजवीकडे सरकला किंवा जागेवर गरगरला, तर काठी सरळ जात नाही हे तिथेच कळतं. हा तपास फुकटात होतो.

पुढची पंधरा मिनिटं व्हाईट कुठे जातो ते बघण्यात घाला. व्हाईट घरंगळत येऊन बॉलच्या साधारण अर्ध्या भागावर आदळला, तर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंश वळतो. बॉल पाव भागावर लागला किंवा पाऊण भागावर लागला, तरी हा कोन फारसा बदलत नाही. तोच व्हाईट न फिरता, घसरत आदळला तर पॉट होणाऱ्या बॉलच्या वाटेशी जवळपास काटकोनात निघतो. फॉलो (पुढे नेणारी फिरकी) आणि स्क्रू (मागे आणणारी फिरकी) यांचं काम व्हाईटला या दोन रेषांच्या पुढे किंवा मागे नेण्याचं. एवढं अंगी मुरलं की साईड (डावी-उजवी फिरकी) लावायची गरज बरीच घटते. साईड लावली की व्हाईट नेम धरलेल्या रेषेवरून थोडा बाजूला सुटतो, आणि हौशी खेळाडूचे सोपे बॉल तिथेच चुकतात.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं खरी परीक्षा. तीन बॉल टेबलावर सुटे टाका, व्हाईट हातात घेऊन हवा तिथे ठेवा आणि तिन्ही एका दमात, कुठल्याही क्रमाने साफ करा. एक चुकला की तो डाव गेला. असे दहा डाव खेळा आणि किती जमले ते वहीत लिहा. एकट्याने खेळायच्या या प्रकाराला जगभर ‘घोस्ट’ म्हणतात. समोर न दिसणारा प्रतिस्पर्धी आहे आणि तो कधीच चुकत नाही, असं धरून खेळायचं. दहापैकी सात डाव सलग दोन-तीन भेटींत जमले की चार बॉल घ्या, मग पाच. आठ बॉलपर्यंत पोचायचा रस्ता हाच आहे. फ्रेम किती जिंकल्या यावरून प्रगती कळत नाही, कारण त्यात समोरच्याच्या चुकाही मोजल्या जातात. ही वही मात्र फक्त तुमच्याबद्दल बोलते.

शेवटची दहा मिनिटं ब्रेकला. जोरापेक्षा पहिला बॉल भरून लागणं आणि व्हाईट टेबलच्या मध्याजवळ थांबणं महत्त्वाचं. अंगातली सगळी ताकद लावून व्हाईट पॉकेटमध्ये घातला तर समोरच्याला व्हाईट हातात मिळतो, आणि टेबल साफ होतं ते त्याच्याकडून.

टेबल वाचायला पैसे लागत नाहीत

ब्रेकनंतर लगेच काठी सरसावू नका. आधी ब्लॅक कुठे आहे ते बघा आणि मागून पुढे विचार करा: ब्लॅक कोणत्या पॉकेटमध्ये, त्याआधीचा बॉल कोणता, त्याच्याआधीचा कोणता. ब्लॅकच्या आधी घ्यायचा बॉल असा निवडा, की तो मारल्यावर व्हाईट फारसा न हलता ब्लॅकसमोर उभा राहील. तो बॉल कितीही सोपा दिसला तरी आधी मारायचा नाही.

एकमेकांना चिकटलेले बॉल लवकर सोडवा, टेबलावर आपले दुसरे सोपे बॉल शिल्लक असेपर्यंत. सोडवताना व्हाईट कुठेही अडकला तरी मग मारायला काहीतरी असतं. कुशनला चिकटलेला बॉल आणि समोरच्याच्या बॉलमागे दडलेला बॉल यांची सोय पहिल्या तीन शॉटांतच लावायची.

आणि सगळ्यात पैसे वाचवणारी गोष्ट: टेबल साफ होण्यासारखं नसेल तर साफ करायला जाऊच नका. पाच बॉल घालून सहावा चुकवणारा माणूस स्वतःचे अडसर उचलून समोरच्याला मोकळं मैदान देतो. चिकटलेले बॉल सुटत नसतील तर दोन-तीन घ्या, व्हाईट लपवा आणि वाट बघा.

नियमही आधी ठरवून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत फाउल झाला की समोरच्याला व्हाईट हातात मिळतो, तो कुठेही ठेवता येतो. सरळसोट नसलेला शॉट सांगून मारावा लागतो. आणि ब्रेकवर ब्लॅक गेला म्हणून डाव जिंकला असं होत नाही. बऱ्याच क्लबांत मात्र स्वतःचे नियम चालतात: दोन शॉट, ब्रेकच्या रेषेमागूनच व्हाईट, ब्रेकवर ब्लॅक म्हणजे विजय. पहिल्या फ्रेमआधी एक मिनिट बोललात तर शेवटच्या फ्रेमनंतरचा अर्धा तास वाचतो.

टेबल आधी तपासा, मग मीटर सुरू करा

तुम्ही जागा भाड्याने घेताय, तेव्हा ती बघायचा तुम्हाला हक्क आहे. पाच मिनिटांत हे होतं.

मोजमाप: कुशनच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. ७८ इंच लांबी म्हणजे सात फुटी टेबल, ८८ म्हणजे आठ फुटी, १०० म्हणजे नऊ फुटी. स्पर्धांचं टेबल नऊ फुटी असतं. सात फुटी टेबलाचं क्षेत्रफळ त्याच्या जेमतेम ६१ टक्के भरतं. त्यावर शॉट जवळचे होतात, पण बॉल जास्त अडकतात. तिन्हींचा दर एकच असेल आणि तुम्ही नवीन असाल तर आठ फुटी टेबल सोयीचं.

पातळी: एक बॉल कुशनच्या बाजूने अगदी हळू सोडा. शेवटी तो आत किंवा बाहेर वळला तर टेबल एका अंगाला झुकलंय. चारही बाजूंनी करून बघा.

पॉकेट: पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा असतो, दोन बॉल शेजारी ठेवले की साडेचार इंच होतात. कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल जेमतेम बसत असतील तर ते स्पर्धेच्या मापाचं. बाजूला बोटभर जागा उरत असेल तर पॉकेट ढिलं आहे. ढिल्या पॉकेटवर जमलेल्या यशाने हुरळून जाऊ नका, पण सुरुवातीचा उत्साह टिकवायला ते वाईट नाही.

व्हाईट: हरवलेल्या व्हाईटच्या जागी दुसऱ्या संचातला, कधी वेगळ्या मापाचा आणलेला असतो. दोन बॉलांच्या मध्ये व्हाईट ठेवून तिन्ही ओळीने चिकटवा आणि वर मोबाइल आडवा ठेवा. डुगडुगला तर व्हाईट मोठा, मधे फट दिसली तर लहान. अशा व्हाईटने स्क्रू आणि फॉलोचा सगळा अंदाज बिघडतो.

कापड आणि बॉल: ब्रेकच्या जागी आणि रॅकच्या जागी चकाकणारे पांढरे ठिपके, पॉकेटकडे जाणारे गुळगुळीत पट्टे म्हणजे कापड झिजलंय. नगरच्या उन्हाळ्यात धूळ तर ठरलेली. कापडावर ब्रश मारून आणि बॉल पुसून मागा. मळके बॉल एकमेकांना क्षणभर जास्त धरतात आणि नेम बरोबर असूनही शॉट चुकतो.

धूर: सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. आत धूर कोंडलेला असेल तर दुसरा क्लब बघा. तिथे कापडाकडेही कुणी बघत नसणार.

काठी: कधी आणि केवढ्याची?

पहिले तीन-चार महिने क्लबची काठी पुरते. फक्त मांडणीवरून उचलताना बघा की ती पूलची आहे की स्नूकरची. स्नूकरच्या काठीची टिप ९-१० मिलिमीटरची, पूलची १२-१३ ची. पूलचा बॉल स्नूकरच्या बॉलपेक्षा मोठा आणि जड असतो. बारीक टिपेने मधोमध लागला नाही तर चूक लगेच वाढते. काठी टेबलावर लोळवा. टोक उडत असेल तर ती वाकली आहे, ठेवून द्या. एकदा चांगली सापडली की तिचा क्रमांक लक्षात ठेवा आणि दर वेळी तीच मागा.

स्वतःची घ्यायची तर ५८ इंची, दोन तुकड्यांची, १९ औंसांच्या आसपासची, पावणेतेरा ते तेरा मिलिमीटर टिपेची घ्या. तीन ते पाच हजारांत चालण्यासारखी देशी बनावटीची काठी मिळते. आठ-दहा हजारांत जोड आणि लाकूड दोन्ही बरं येतं. त्यापुढे कार्बन शाफ्ट आणि परदेशी नावांचा प्रदेश सुरू होतो, तो हौशी खेळाडूने नंतरसाठी ठेवावा. एकच काठी रोज वापरणं हा खरा फायदा आहे. तो चार हजारांच्या काठीनेही मिळतो.

टिपेची गोलाई एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी ठेवा. टिप बदलून घ्यायला दोन-तीनशे रुपये लागतात आणि त्याने जुनी काठीही नवी वाटते. चॉक साधा चालतो, फक्त प्रत्येक शॉटआधी लावा. हातमोजा घामाच्या हातासाठी आहे. नाहीतर रुमाल पुरे. आणि काठी एप्रिल-मे महिन्यांत गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हात तापलेल्या गाडीत लाकूड वाकतं, आणि वाकलेली काठी सरळ करून देणारा सहसा भेटत नाही.

ऑनलाइन मागवली तर खोका उघडतानाच चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी काठी काचेवर किंवा फरशीवर लोळवून बघा. परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते.

शिकवणीला पुणे की नाशिक?

बिलियर्ड्स आणि स्नूकरचं मोठं घर आपल्याला जवळ आहे. बिलियर्ड्समध्ये जागतिक हौशी विजेते ठरलेले विल्सन जोन्स १९२२ साली पुण्यात जन्मले. १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी ते पद मिळवलं, तेव्हा कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेता होणारे ते पहिले भारतीय ठरले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा, जरी त्याचा खेळ बंगळुरूत घडला. पुण्यासारख्या जिमखान्यांच्या शहरात शिकवणारे सापडतात. नगर, पारनेर, श्रीगोंदा इथल्या माणसाला पुणे सोयीचं. संगमनेर, अकोले, कोपरगावच्या माणसाने आधी नाशिकला चौकशी करावी.

एका तासाच्या वैयक्तिक शिकवणीला हजार रुपये आणि एसटीने जाण्या-येण्याला, चहा-नाश्ता धरून, पाचशे असा दीड हजारांचा अंदाज ठेवा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांचा प्रवास आणखी स्वस्त पडतो. दर आठवड्याला जायची गरज नाही. दोन महिन्यांतून एकदा पुरे. शिकवणारा बहुधा स्नूकरचा असेल. उभं राहणं, काठी टेकवायला हाताचा ब्रिज बांधणं आणि काठी सरळ नेणं दोन्ही खेळांत एकच असल्याने ते बिनधास्त शिका. बॉलचा क्रम लावणं आणि ब्रेक यासाठी मात्र पूल खेळणारा माणूस शोधा. जाताना वही आणि मोबाइलवर मागून काढलेलं स्वतःच्या शॉटचं चित्रीकरण न्या, म्हणजे पहिली वीस मिनिटं ओळखपाळखीत जात नाहीत.

घरी टेबल घ्यावं का?

मळ्यात मोठी खोली आहे, घेऊन टाकू, असा विचार जिल्ह्यात पुष्कळांच्या मनात येतो. आधी फूटपट्टी घ्या. चहूबाजूंनी ५८ इंची काठी फिरायला हवी तर आठ फुटी टेबलाला १७ फूट बाय साडेतेरा फुटांची मोकळी खोली लागते, सात फुटीला सव्वासोळा बाय तेरा आणि नऊ फुटीला १८ बाय १४.

आता पैसे. स्लेटच्या पाटाचं आठ फुटी टेबल, वाहतूक आणि जोडणी धरून एक लाख ४० हजारांना पडलं असं समजा. क्लबमध्ये तुमचे महिन्याला १,८०० जात असतील तर ते वसूल व्हायला साडेसहा वर्षं लागतात, आणि त्यात कापड बदलणं, पातळी लावणं धरलेलंच नाही. एकट्यासाठी हा सौदा बसत नाही. घरात तीन-चार खेळणारे असतील तर विचार करा. एमडीएफच्या पाटाचं स्वस्त टेबल मात्र टाळा. पावसाळ्यातल्या दमटपणाने ते फुगतं आणि मग बॉल आपल्या मर्जीने चालतो. जुनं घेताना स्लेटच्या तुकड्यांचे सांधे आणि कुशनचं रबर तपासा. बॉल कुशनवर आदळल्यावर थप्प आवाज होऊन मेला तर रबर गेलं.

बिल आणि तक्रार

किती मिनिटं, कोणता दर, जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक, हे सगळं बिलावर हवं. आगाऊ भरलेल्या पैशांची पावती जपून ठेवा. काठी सदोष निघाली, सभासदत्वाचे पैसे बुडाले, तर आधी लेखी कळवा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही.

वर्षाचा हिशेब

प्रत्येक भेट दोन तासांची: एक तास एकट्याने (१५०), एक तास मित्राबरोबर निम्म्या भाड्यात (७५). म्हणजे भेटीला २२५ रुपये. वर्षाचे ४८ आठवडे. उरलेले चार लग्नसराईला आणि दिवाळीला गेले असं समजा.

- आठवड्यातून एकदा: टेबल १०,८००, चॉक आणि हातमोजा ३००. एकूण ११,१०० रुपये. काठी क्लबचीच.
- आठवड्यातून दोनदा: टेबल २१,६००, काठी ४,०००, केस ८००, चॉक-टिप ६००. एकूण २७,००० रुपये.
- आठवड्यातून तीनदा: टेबल ३२,४००, काठी १०,०००, सहा शिकवण्या प्रवासासह ९,०००, किरकोळ १,५००. एकूण ५२,९०० रुपये.

मधला पर्याय बहुतेकांना पुरेसा आहे. हात आखडायचा असेल तर मित्राबरोबरचा तास कमी करा, एकट्याचा नको.

खर्चाचा क्रमही वहीलाच ठरवू द्या. तीन बॉलच्या परीक्षेत दहापैकी चारच जमतायत तोवर टेबलच्या तासाखेरीज कशावरही पैसे घालू नका. सात जमू लागले की काठी घ्या. चार बॉलवर महिना-दोन महिने आकडा हलेनासा झाला की शिकवणीला जा, कारण मग चूक कुठे होतेय ते स्वतःला दिसत नसतं. पाच बॉल निम्म्या वेळा साफ होऊ लागले की आठांचा डाव कधीतरी जमणारच. त्या दिवसापर्यंत महागडी काठी दुकानातच राहू द्या.